काटा १०८ वर, पाणी ८९ वर: एका जुन्या फियाट एक्स-१/९ च्या कूलंटची केस

इटलीत तुरीनमधली १९८१ ची फियाट एक्स-१/९, पाच गिअरवाली, १५०० सीसी. मालकांची तक्रार एकच, उन्हाळा लागला की कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टेंपरेचरचा काटा ९० ची खूण सोडून चढायला लागतो आणि १०५-११० च्या तिथे जाऊन बसतो. गाडी कधी उकळली नाही, वाफ नाही, कूलंट कमी होत नाही, तेलात पाणी नाही, तरी दोन उन्हाळे गाडी शेडमध्येच उभी, कारण चालवताना सगळं लक्ष त्या काट्याकडे आणि रस्त्याकडे कुणाचंच नाही. मी इथे तुरीनमध्येच गाड्यांच्या थर्मल टेस्टिंगच्या कामात आहे, मालक माझ्या ऑफिसातले सीनियर, आता रिटायर झालेले, त्यांनी विचारलं एकदा बघतोस का, म्हणून बघितलं. पूर्ण लिहून काढतोय कारण यात जे निघालं ते त्या काळातल्या बहुतेक इटालियन स्पोर्ट्स कारना लागू पडतं, आणि लोक नुसता काटा बघून हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायला निघतात ते मला खरंच बघवत नाही.

गाडी माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्स-१/९ आली १९७२ च्या शेवटी, डिझाइन बेर्तोने या गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीकडे मार्चेल्लो गांदिनीचं, इंजिन फियाट १२८ चं, म्हणजे ऑरेलियो लाम्प्रेदीने डिझाइन केलेलं, हाच माणूस आधी फेरारीत मोठी व्ही-१२ इंजिनं करत होता. आधी १२९० सीसी, मग १९७८ पासून १४९८ सीसी आणि युरोपात ८५ हॉर्सपॉवर. बॉडी ग्रुल्यास्कोला बनायची आणि फायनल असेंब्ली लिंगोत्तोच्या कारखान्यात, तोच छतावर टेस्ट ट्रॅक असलेला. १९८२ पासून गाडी बेर्तोनेच्याच नावाने विकली गेली आणि १९८९ पर्यंत चालली.

आता मुद्द्याचं, इंजिन आहे सीटच्या मागे आडवं बसवलेलं, आणि रेडिएटर आहे पार पुढे नाकात. म्हणजे गरम पाणी मागून निघणार, फ्लोअरखालच्या लांब पाइपमधून पुढे जाणार, गार होणार, दुसऱ्या पाइपमधून परत मागे येणार. १२८ मध्ये हेच इंजिन पुढे, रेडिएटरच्या शेजारी, तिथे साडेसहा लिटरच्या आसपास कूलंट लागतं, आणि एक्स-१/९ मध्ये अकरा लिटरच्या वर. हे जास्तीचं सगळं पाणी त्या पाइपांमध्ये असतं. फेरारी डिनो, ३०८, मासेराती मेराक, दे तोमासो पांतेरा, या सगळ्यांची मांडणी हीच, इंजिन मधे-मागे आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंच काही त्यांनाही चालतं.

या मांडणीतून एक गोष्ट निघते ती आधीच सांगून ठेवतो कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेंडर, म्हणजे टेंपरेचर मोजणारा सेन्सर, आहे मागे, सिलिंडर हेडमध्ये. फॅन चालू-बंद करणारा स्विच आहे पुढे, रेडिएटरमध्ये. दोघं वेगवेगळ्या जागचं पाणी मोजतात. फॅनचा स्विच ९० ते ९४ च्या दरम्यान लागतो आणि ८५ ते ८९ च्या दरम्यान सुटतो, पण ते रेडिएटरमधल्या पाण्याचं टेंपरेचर झालं, तोपर्यंत हेडमधलं पाणी त्याच्याहून काही डिग्री वर असणारच. त्यामुळे काटा ९५ दाखवतोय आणि फॅन अजून लागला नाही, म्हणजे स्विच खराब, असा निष्कर्ष काढायचा नसतो.

आधी काय काय झालं होतं

बिल दाखवली त्यांनी मला. एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बदलला, काही फरक नाही. मग रेडिएटर काढून आतला कोअर नवा घातला, चांगलं काम केलेलं होतं, पण फरक नाही. मग कूलंट काढून नवं भरलं, आणि त्यानंतर काटा उलट अजून जरा वरच राहायला लागला. मग इन्फ्रारेड गनने इंजिनवर माप घेतलं तर गन दाखवायला लागली ६० च्या आसपास, मग म्हणाले नवा थर्मोस्टॅटच उघडा अडकलाय, तो परत बदलला. शेवटी सल्ला आला की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) जात आली असेल, हेड उतरवूया. या इंजिनाचा ब्लॉक कास्ट आयर्नचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, ओव्हरहीट झालं तर हेड वाकतं हे खरंच आहे, त्यामुळे मालक घाबरले यात नवल नाही. पण हेड उतरवायच्या आधी एक प्रश्न कुणीच विचारला नव्हता, की पाणी खरंच किती गरम होतंय?

मी पहिल्यांदा त्यांनाच बोलतं केलं, काटा नेमका कधी चढतो ते सांगा. म्हणाले ट्रॅफिकमध्ये चढतो, ते ठीक, पण सगळ्यात जास्त चढतो तो गावाबाहेर पडल्यावर, तांजेंझियालेवर, म्हणजे तुरीनच्या रिंग रोडवर, नव्वदच्या स्पीडला. हे ऐकल्यावर मला निम्मी केस कळल्यासारखी वाटली. नव्वदच्या स्पीडला नाकातल्या रेडिएटरवर भरपूर वारा असतो, इंजिन त्या स्पीडला काही फार मेहनत करत नाही, तिथे टेंपरेचर ट्रॅफिकपेक्षा कमी पाहिजे. उलटं होत असेल तर एक तर पाणी फिरत नाहीये किंवा काटा पाण्याव्यतिरिक्त दुसरंच काहीतरी मोजतोय. पाणी फिरत नसतं तर चढावावर गाडी उकळली असती. मग गावाबाहेर असं काय बदलतं? इटलीत गावाबाहेर दिवसाही हेडलाइट लावून चालवायचं असतं आणि हे गृहस्थ नियमाचे पक्के, पाटी दिसली की लाइट लावणारच. एक्स-१/९ चे हेडलाइट बॉनेटमधून वर उघडतात, म्हणजे मोटरी, रिले, बल्ब, सगळा लोड एकदम येतो.

गाडी गॅरेजच्या दारात उभी करून इंजिन गरम होऊ दिलं, काटा ९४-९५ च्या तिथे आला, आणि म्हटलं आता लाइट लावा. लाइट वर आले, पेटले, आणि काटा जागच्या जागी सरकून १०३ वर गेला. मग हीटरचा ब्लोअर लावला, अजून थोडा वर. पेट्रोलचा काटासुद्धा किंचित हलला. सगळं बंद केलं तर परत खाली. अकरा लिटर पाण्याचं टेंपरेचर दोन सेकंदात आठ डिग्री चढत नाही आणि दोन सेकंदात उतरतही नाही. मालक बराच वेळ नुसतं लाइट लावून-बंद करून बघत राहिले.

खरं माप घेणं

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. काटा चुकीचा आहे हे कळलं म्हणजे पाणी ठीक आहे हे सिद्ध होत नाही, दोन्ही एकदम बिघडलेलं असू शकतं. म्हणून खरं टेंपरेचर पाहिजेच.

इन्फ्रारेड गनबद्दल इथे जरा थांबून सांगतो, कारण ती आता सगळ्यांकडे असते आणि तिच्यामुळे खूप चुकीची कामं निघतात. ही गन वस्तूतून बाहेर पडणारं उष्णतेचं किरणोत्सर्जन मोजते, आणि चकचकीत अॅल्युमिनियम उष्णता असूनही फार कमी किरणं सोडतो, उलट आजूबाजूच्या गार वस्तूंची किरणं परावर्तित करतो. त्यामुळे उघड्या अॅल्युमिनियमवर गन धरली की माप वीस-तीस डिग्री सहज कमी येतं. गॅरेजवाल्यांना जे ६० दिसलं ते हेच. उपाय अगदी साधा, जिथे मोजायचंय तिथे काळी इलेक्ट्रिकल टेप नीट दाबून चिकटवायची, ती धातूएवढी गरम होऊ द्यायची, आणि गन जवळून त्या टेपवर धरायची. मी थर्मोस्टॅटजवळच्या अॅल्युमिनियमच्या नळीवर तसं केलं, टेपशेजारच्या उघड्या धातूवर ६१ आणि टेपवर ८७, मधे अंतर बोटभर. दुसरा थर्मोस्टॅट उगाचच बदलला गेला होता.

तरी गनवर पूर्ण विसंबलो नाही, कारण गाडी चालवताना गन धरता येत नाही. बारीक तारेचा थर्मोकपल (टेंपरेचर मोजणारी तार) त्या धातूच्या नळीला चिकटवला, वरून फोमचा तुकडा लावून बांधला म्हणजे इंजिनची गरम हवा त्याला लागू नये, तार सीटच्या मागून आत घेतली आणि मीटर मालकांच्या मांडीवर. दुसरा थर्मोकपल रेडिएटरच्या आत येणाऱ्या पाइपला. नळीच्या बाहेरून घेतलेलं माप आतल्या पाण्यापेक्षा एक-दोन डिग्री कमी येतं, तेवढं धरायचं.

मग निघालो. जुलैची दुपार, बाहेर ३३-३४ डिग्री. आधी कोर्सो मोंकालिएरीने पो नदीच्या कडेकडेने, सिग्नल-सिग्नल थांबत, मग सुपेर्गाच्या टेकडीवर, कारण तुरीन साधारण २४० मीटरवर आणि सुपेर्गाची बॅसिलिका ६७० च्या आसपास, थोडक्या अंतरात चांगला चढ मिळतो आणि वर पोचल्यावर गाडी लगेच उभी करून आयडलवर ठेवता येते. मग उतरून तांजेंझियाले. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काटा १०० च्या जवळ, मीटरवर ९२. तांजेंझियालेवर लाइट लावून काटा १०८, मीटरवर ८९. म्हणजे ज्या जागी मालकांना सगळ्यात जास्त भीती वाटायची तिथे इंजिन सगळ्यात निवांत होतं.

पण ट्रॅफिकमध्ये आणि वर सुपेर्गाला आयडलवर वेगळंच दिसलं. तिथे काटा ११० ला आणि मीटरवरसुद्धा ९९, मग १००, मग १०१, आणि फॅन लागलेला असूनही ते १०१ खाली यायला खूप वेळ घेत होतं. हे खोटं नव्हतं. १०१ म्हणजे लगेच काही धोका नाही, ते पुढे सांगतो, पण फॅन लागल्यावर पाणी उतरलं पाहिजे, नुसतं थोपवून धरलं जाणं बरोबर नाही. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक बसल्या होत्या, काट्याची चूक दहा-वीस डिग्रीची आणि फॅनची खरी कमजोरी पाच-सहा डिग्रीची, आणि मालकांना दिसत होती त्यांची बेरीज.

काटा

गेजची, म्हणजे डॅशवरच्या मापकाची, गंमत अशी की या प्रकारच्या गेजमध्ये काटा दोन कॉइलच्या ओढाताणीवर उभा असतो. एका कॉइलमधून येणारा करंट पुढे दोन वाटांनी जमिनीला जातो, एक वाट दुसऱ्या कॉइलमधून आणि दुसरी सेंडरमधून. सेंडर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, करंट तिकडून जास्त जातो, दुसऱ्या कॉइलची ओढ कमी पडते आणि काटा गरमकडे झुकतो. आता गेजचा स्वतःचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारं कनेक्शन) खराब झाला तर? तरीही दुसऱ्या कॉइलमधला करंट कमी होणार, आणि काट्याला दोन्हीत फरक कळत नाही, तो गरमकडेच झुकणार. त्यात तोच अर्थ लाइटचा स्विच, ब्लोअर, डॅशचे दिवे यांच्याशी वाटून घेतलेला असेल तर त्यांचा करंट वाहायला लागला की अर्थच एक-दीड व्होल्ट वर उचलला जातो आणि काटा अजून चढतो. जुन्या फियाट, अल्फा, लान्चा, सगळीकडे ही तक्रार ऐकू येते, लाइट लावले की गाडी गरम होते म्हणून.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं क्लस्टरच्या (डॅशवरच्या सगळ्या काट्यांच्या पॅनेलच्या) अर्थ वायरला, आणि लाइट-ब्लोअर चालू करायचं. शून्याच्या जवळ पाहिजे, एक-दोन दशांश चालतं. इथे १.४ व्होल्ट. मग एक मोकळी जाड वायर घेऊन क्लस्टरचा अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, आणि काटा १०४ वरून ९२ वर आला, तिथेच, गाडी न हलवता.

डॅशच्या मागे जाऊन अर्थचा पॉइंट शोधला. एकाच स्क्रूखाली चार-पाच गोल टर्मिनल एकावर एक, स्क्रू वरून अगदी घट्ट, बघणाऱ्याला काही वाटणार नाही. काढला तर सगळ्यात खालच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड, आणि त्याच्याखाली बॉडीवर कधीतरी रंगकाम करताना बसलेला रंगाचा थर. म्हणजे सगळा करंट स्क्रूच्या आट्यांमधून जात होता. रंग खरवडून धातू उघडा केला, टर्मिनल घासले, दोन टर्मिनल तर नवीनच क्रिंप केले, बसवताना ग्रीस लावलं म्हणजे परत ओल धरणार नाही, आणि क्लस्टरसाठी एक वेगळी अर्थ वायर टाकली. परत मोजलं, ०.१ च्या आत.

सेंडर पण तपासला, काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर धरून, त्याच्या बॉडीला अर्थची वायर लावून. पाणी ९० ला आलं तेव्हा काटा ९२-९३. एवढा फरक मी तसाच सोडला, सेंडर त्या वयाचा आहे आणि फरक माहीत आहे म्हटल्यावर बदलायचं कारण नाही. नवीन सेंडर घेतला आणि तो थोडा वेगळ्या रेझिस्टन्सचा निघाला तर परत सगळं पहिल्यापासून.

फॅन आणि अडकलेली हवा

फॅन फिरत होता, म्हणून आधी कुणी त्याच्याकडे बघितलंच नाही. पण फिरतोय आणि पुरेसा फिरतोय यात फरक आहे. बॅटरीवर १३.४ व्होल्ट असताना फॅनच्या कनेक्टरवर फक्त १०.४, म्हणजे तीन व्होल्ट वाटेतच गेले, थोडे रिलेच्या जुन्या कनेक्शनवर आणि जास्त फॅनच्या अर्थवर, तोही नाकातच बॉडीला लावलेला, चाळीस वर्षं पावसाचं आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी खात. व्होल्टेज एवढं पडलं की मोटरचा वेग पडतो आणि वेग पडला की हवा कमी ओढली जाते. रिले बदलला, अर्थ साफ केला, वायर जाड घातली, आता १२.९ मिळतात आणि फॅनचा आवाजच बदलला.

दुसरं म्हणजे हवा. कूलंट बदलल्यावर काटा उलट वर राहायला लागला होता ना, ते त्यामुळे. एक्स-१/९ मध्ये कूलंट भरायची टाकी मागे इंजिनपाशी, आणि हवा काढायचा स्क्रू पुढे रेडिएटरच्या वरच्या बाजूला. टाकी रेडिएटरपेक्षा उंच असल्याने ओतलेलं पाणी पुढच्या हवेला ढकलतं, पण स्क्रू उघडला तरच तिला बाहेर पडायला वाट मिळते. इंजिन थंड असताना, हीटरची लीव्हर पूर्ण गरमवर ठेवून, एकाने मागे हळूहळू ओतायचं आणि दुसऱ्याने पुढे स्क्रूपाशी थांबायचं. मालक मागे, मी पुढे. आधी काहीच नाही, नुसती फुस्स हवा, मग थुंकी उडाल्यासारखं पाणी-हवा-पाणी, मग परत हवा, आणि बऱ्याच वेळाने बुडबुड्याशिवाय सलग धार. दीड लिटरच्या आसपास कूलंट जास्तीचं मावलं. एवढी हवा रेडिएटरच्या वरच्या भागात बसली असेल तर नवा कोअर घालूनही त्याचा तेवढा भाग रिकामाच चालत होता. दोन-तीन वेळा गरम-थंड करून परत स्क्रू उघडून बघायचं, एकदा करून होत नाही हे काम.

हेड गॅस्केटची शंका मनातून जावी म्हणून टाकीच्या तोंडावर केमिकल टेस्टही केली, तो निळा लिक्विड असतो, कूलंटमध्ये ज्वलनाचा गॅस येत असेल तर पिवळा पडतो. निळाच राहिला. प्रेशर लावून ठेवलं, ते पण टिकलं. हेड उतरवायचा विषय संपला.

मग नॉर्मल किती?

सगळं झाल्यावर परत तोच रस्ता, तसंच ऊन. तांजेंझियालेवर लाइट लावून मीटर ८६-८७, काटा ९० ला. सुपेर्गाच्या चढावर मीटर ९१, काटा ९४. वर आयडलला मीटर ९६-९७ पर्यंत चढतो, फॅन लागतो, आणि आता दोन-अडीच मिनिटांत ९० वर येतो, फॅन बंद, परत चढतो, परत लागतो.

हे वर-खाली जाणं हेच नॉर्मल आहे. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. थर्मोस्टॅट ८० च्या आसपास उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला अजून दहा-पंधरा डिग्री घेतो, फॅन त्याच्या वर लागतो आणि खाली सुटतो, म्हणजे ही सिस्टिम बनवलीच आहे एका पट्ट्यात झुलायला. चालत्या रस्त्यावर ८० ते ९०, चढावर, उन्हात ९५ पर्यंत, ट्रॅफिकमध्ये १०० पर्यंत जाऊन फॅनने परत उतरणं, हे सगळं या गाडीसाठी ठीक. एक आकडा धरून बसलं की माणूस नुसता त्रास करून घेतो. मी बघतो ते तीन गोष्टी, वारा लागला की उतरतो का, फॅन लागला की उतरतो का, आणि दरवेळी त्याच उंचीपर्यंत जातो का की प्रत्येक फेरीत थोडा थोडा वर सरकतोय. शेवटचं दिसलं तर गाडी बाजूला घ्या.

आत्ताच्या गाड्यांनी आपली सवय बिघडवलीय. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा थेट सेंडरवर चालत नाही, मधे कॉम्प्युटर असतो, आणि पाणी साधारण पंचाहत्तर ते शंभरच्या पुढेपर्यंत कुठेही असलं तरी काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवतात, ग्राहक घाबरून सर्व्हिस सेंटरला येऊ नये म्हणून. अशा गाडीतून उतरून माणूस १९८१ च्या गाडीत बसतो जिथे काटा प्रामाणिकपणे प्रत्येक सिग्नलला हलतो, आणि त्याला वाटतं काहीतरी बिघडलंय.

१०० झालं की पाणी उकळणार ही भीती पण खूप जणांना असते, मालकांनाही होती. कूलंट नुसतं पाणी नाही आणि उघड्या पातेल्यातही नाही. अर्धं ग्लायकॉल (अँटिफ्रीझ) अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, आणि टाकीचं झाकण एक बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढं जास्तीचं, प्रेशर धरत असेल तर १२० च्या बरंच पुढे. म्हणून झाकण हा स्वस्त पण महत्त्वाचा पार्ट, त्याची स्प्रिंग नाहीतर रबर गेलं की हा सगळा फायदा जातो आणि तीच गाडी १०८ ला उकळते. आम्ही झाकण नवीन घातलं. जास्त ग्लायकॉल घालून जास्त सुरक्षित होत नाही हेही सांगतो, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, अर्धं-अर्धं पुरे, त्यात तुरीनच्या हिवाळ्याला पस्तीस मायनसपर्यंतचं संरक्षण मिळतं.

गाडी बंद केल्यावर, चावी परत एक नॉच फिरवून बघितलं तर काटा दहा डिग्री वर दिसतो, त्यालाही घाबरू नका. पंप थांबला, पाणी थांबलं, हेडमधली उष्णता जागच्या पाण्यात उतरते, आणि मागे बंद खोक्यात बसलेल्या इंजिनाला वारा पण नाही. थोड्या वेळाने उतरतं. फार खेचून चालवली असेल तर बंद करायच्या आधी मिनिटभर आयडलवर ठेवावी एवढंच.

आणि थर्मोस्टॅट काढून टाका हा सल्ला. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या मेकॅनिक लोकांची ही फार जुनी सवय, उन्हाळ्यात गाडी तापते ना, काढून टाक, आणि इथेही मालकांना एकाने हेच सांगितलं होतं. पूर्वी कुर्ल्याला बनायची ती प्रीमियर पद्मिनी पण मुळात फियाटच, ११०० डी, पण तिचं इंजिन पुढे आणि रेडिएटर समोरच, तिच्या बाबतीत जे खपून जायचं ते इथे खपत नाही. एक्स-१/९ सारख्या बायपासवाल्या, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी आडवाट असलेल्या, सिस्टिममध्ये थर्मोस्टॅट नुसतं दार उघडत नाही, गरम झाल्यावर बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि बरंचसं गरम पाणी पुढच्या रेडिएटरपर्यंत न जाता जवळच्या वाटेने परत इंजिनात. थंडीत गाडी गरमच होत नाही आणि चढावर मात्र खरोखर तापते, दोन्हीकडून नुकसान.

गाडी आता रोज चालते, ऑगस्टमध्ये ते दोघं नवरा-बायको तिने लिगुरियाच्या किनाऱ्याला जाऊन आले. दोन कामं राहिलीत. फ्लोअरखालचे लांब पाइप लोखंडी आहेत आणि एके ठिकाणी वरचा थर फुगलाय, ते हिवाळ्यात उतरवून स्टेनलेसचे घालायचे ठरलंय, कारण तो पाइप फुटला तर काटा काहीच सांगत नाही, पाणी निघून गेलं की सेंडर हवेत राहतो आणि काटा उलट खाली येतो. आणि मागचे दोन होज दाबल्यावर करकरतात, ते त्याच वेळी.